सात नंबरची जागा

नागाव, ता. अलिबाग
११ नोव्हेंबर

प्रिय मृणाल,

माझं अक्षर पाकिटावर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहितो. मी बरा आहे, आई बरी आहे, घरात कोणाला काही झालेलं नाही. फोनवर मी नुसता हं हं करतो आणि आईच्या हातात फोन देतो, हे तुला माहीत आहे. जे सांगायचं आहे ते हं हं करून सांगता येणारं नाही. दोन दिवस ओटीवर बसून कागद फाडतोय. हा चौथा.

रविवारी तू म्हणालीस, बाबा, आठ दिवस झाले, डोक्याला वायरी लावतात, खुर्चीत बसवून गरागरा फिरवतात, झोपू देत नाहीत आणि मग परत वायरी लावतात. उडायचं तर बंदच केलंय, आणि कशासाठी ते कोणी सांगत नाही. तुझा आवाज मी लहानपणापासून ओळखतो. रडू येण्याच्या आधी तू फार भराभर बोलतेस. त्या दिवशी तशी बोलत होतीस. मी म्हणालो, होईल सगळं ठीक. आणि फोन आईकडे दिला.

आज तुला आधी नीलपंखबद्दल, आमच्या त्या हवाई कसरतीच्या टीमबद्दल सांगतो. तू शाळेत असल्यापासून विचारायचीस आणि मी विषय बदलायचो. बदलीची गाऱ्हाणी सांगायचो, तळावरच्या माकडांच्या गोष्टी सांगायचो, पण टीमची गोष्ट अर्ध्यावर सोडायचो. ज्या टीमसाठी तू नाव दिलंस तिची अर्धीच गोष्ट तुला ठाऊक आहे.

तुझा जन्म झाला त्या वर्षी टीम उभी राहिली. आमच्या आधीही हवाई दलात अशा कसरतीच्या टीम होऊन गेल्या होत्या, जुने लोक हँगरमध्ये चहा पिताना त्यांच्या आठवणी काढत. आम्हाला मिळाली ती चार म्हातारी शिकाऊ विमानं, दख्खनच्या पठारावरच्या तळावर, जिथे वारा सुटला की डोळे उघडता येत नसत. निळा रंग आम्हीच दिला. पहिला हात सुकण्याआधी धूळ चिकटली, तो खरवडून दुसरा दिला. मागून धूर निघावा म्हणून डिझेलमध्ये रंग मिसळून टाकी भरायचं काम माझ्याकडे होतं. बोटं केशरी होत ती आठवडाभर तशीच राहत. तुला पहिल्यांदा उचलून घेतलं तेव्हा तुझ्या पांढऱ्या दुपट्यावर माझी पाची बोटं उमटली होती. आई रागावली होती. ते दुपटं तिनं अजून टाकलेलं नाही.

चारांची सहा व्हायला दीड वर्ष गेलं, सहांची नऊ व्हायला आणखी दीड. लोकांना वाटतं विमानं मिळाली की झालं. तसं नसतं. पायलट आधी जमिनीवर उडायला शिकतात. एका टेबलाभोवती डोळे मिटून बसायचं, लीडर हळू आवाजात बोलणार, वर... वर... आता डावीकडे... आणि नऊ जणांचे हात एकदम कलणार. मग डांबरावर, आपापल्या जागी उभे राहून, चालत सगळा डिस्प्ले करायचा. तू चार वर्षांची असताना ते बघून खो खो हसली होतीस. मोठी माणसं विमान-विमान खेळतात म्हणाली होतीस. आकाशात गेल्यावर एका पंखापासून दुसऱ्या पंखापर्यंत आपल्या ओटीपासून तुळशीपर्यंत असतं तेवढंच अंतर, आणि वेग ताशी पाचशे किलोमीटर. बाजूच्या पायलटनं जमीन बघायची नाही, आकाश बघायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. फक्त लीडरच्या विमानावरची ठरलेली खूण बघायची. जमीन किती जवळ आली हे लीडरला माहीत. बाकी आठांनी विश्वास ठेवायचा. मला तेव्हा ते फार मोठं वाटायचं. आता त्याच गोष्टीची भीती वाटते.

खरं सांगतो, मला ते दिवस आवडले होते. नऊ विमानं पहिल्यांदा एकत्र उडाली तेव्हा आम्ही खालचे सगळे, फिटर, इलेक्ट्रिशियन, रंगारी, एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो. मग गावोगाव गेलो. दिल्ली, जोधपूर, गुवाहाटी. शाळेतली पोरं कुंपणाला चिकटून बसायची. पायलटच्या सह्या घेऊन झाल्या की एखादं पोरगं माझ्याकडेही वही घेऊन यायचं, आणि मी इकडेतिकडे बघून सही करायचो.

सुजित सर टीममध्ये आले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. स्क्वाड्रन लीडर, श्रीवर्धनचे. एकदा मी हँगरच्या दारात उभा राहून आजीशी फोनवर आपल्या बोलीत बोलत होतो, "न्हाय गो आये, आता न्हाय येता येत," आणि मागून आवाज आला, "दादा, तुम्ही अलिबागचे काय?" त्या दिवसापासून ते मला दादा म्हणायला लागले. एवढा अधिकारी, पण चारचौघांतही दादाच म्हणायचे. त्यांची आई दर उन्हाळ्यात घरचं कोकमाचं आगळ पाठवायची, त्यातली एक बाटली आपल्या घरी यायची. तुला आठवेल, सोलकढी प्यायला ते येत आणि तुला विमानाची नाकं कागदावर काढून देत. त्यांचं विमान माझ्याकडे होतं. सात नंबर. पट्टे मी बांधायचो, सीटच्या सुरक्षेच्या पिना मी काढून त्यांना मोजून दाखवायचो, त्यांची टोपी माझ्याकडे राहायची.

पुढचं तुला ठाऊक आहे असं तुला वाटतं. फेब्रुवारी महिना, सकाळची तालीम, सुजित सरांच्या विमानापुढे घार आडवी आली, विमान हललं, पंख शेजारच्या पाच नंबरला लागला. पाच नंबरमध्ये ओंकार सर होते, टीममधले सगळ्यांत लहान. ते पंखाचं टोक तुटलेलं विमान घेऊन कसेबसे उतरले. सुजित सरांची सीट बाहेर पडली, पण तोवर विमान फार खाली आलं होतं, छत्री उघडायला जागाच उरली नाही. चौकशीत पक्ष्याचं कारण निघालं आणि ते खरंच होतं. एवढं सगळं पेपरातही आलं होतं.

पेपरात न आलेलं सांगतो. त्या सकाळी मी पट्टे आवळत होतो तेव्हा ते म्हणाले, "दादा, आज मन लागत नाही. झोपच आली नाही." आमच्या टीमचा नियम होता, ज्याला वाटेल त्यानं त्या दिवशी उडायचं नाही, कोणी कारण विचारणार नाही. आणि खालच्या माणसालाही तोच हक्क होता. मी हात वर केला असता तर ते विमान जागेवरून हललं नसतं. मी काय केलं? मी हसलो. म्हणालो, "सर, नऊची माळ आठची झाली तर बरी दिसत न्हाय." तेही हसले. काच खाली ओढली. झोप झालेली असती तर ती घार त्यांना चुकवता आली असती का, हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. चौकशीत मला तासभर विमानाबद्दल विचारलं. विमान उत्तम होतं. माणसाबद्दल कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्यांची ट्रंक घेऊन श्रीवर्धनला मला पाठवलं, गाववाला म्हणून. सुपारीच्या वाडीत घर. त्यांची आई, कमळताई, ओल्या पायवाटेवरून पुढे आल्या. ट्रंककडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "जाताना घाबरला होता का तो?" मी म्हणालो, "न्हाय ताई, हसत गेले." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हसत गेले हे खोटं नव्हतं. पण हसण्याच्या आधीचं वाक्य मी गिळलं होतं. कमळताई तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सव्वा महिन्यानं टीम पुन्हा उडाली. आधी आठ, मध्ये एक जागा रिकामी ठेवून. मग नवा सात नंबर आला आणि मी त्याचेही पट्टे बांधले. त्याचा पट्टा मी जास्तच जोरात ओढायचो. नवीन पायलट घडवायला विमानं कमी पडतात म्हणून पुढे टीम बंद केली, तेव्हा सगळे हळहळले. मी निवृत्त होऊन नागावला आलो होतो. बातमी ऐकली आणि कोणाला न सांगता देवळात जाऊन नारळ ठेवला. सहा वर्षं मी सुखानं जगलो. वाडीला पाणी सोडलं, दोन खोल्या पर्यटकांना दिल्या, आईच्या हातचं जेवण त्यांना वाढलं. मग नवी, दुप्पट वेगाची विमानं आणून टीम परत उभी केली, आणि त्याच वर्षी तू हवाई दलात पायलट म्हणून निवड होऊन प्रशिक्षणाला गेलीस. गावात तुझा सत्कार झाला तेव्हा मी भाषण केलं. लोक म्हणाले दिनानाथला अभिमानानं बोलता येईना. अभिमान होता ग. पण शब्द अडकत होते ते दुसऱ्याच कशानं.

जानेवारीत टीमची मुंबईच्या डिस्प्लेसाठी समुद्रावर तालीम होती. ती किहीमवरून दिसते असं कळलं, म्हणून आई मला ओढून घेऊन गेली. किनाऱ्यावर जत्रा भरली होती, सगळ्यांचे फोन वर. मी वाळूकडे बघत होतो. मला बघावं लागत नाही, ऐकू येतं. नऊ विमानांचा आवाज सलग असतो, एक बाजूला गेलं की त्यात भेग पडते. एक विमान ठरल्याप्रमाणे वेगळं झालं, आवाज फाटला, आणि मी वाळूतच खाली बसलो. आई म्हणत होती, "अवो वर बघा ना, काय सुंदर दिसतंय." एका पर्यटक बाईनं मला पाण्याची बाटली दिली, काका उन्हाचा त्रास होतोय का म्हणून विचारलं. तेव्हा तुझा टीमशी काही संबंध नव्हता. तुला नाव द्यायचंय हेही मला माहीत नव्हतं.

सप्टेंबरात तू फोनवर सांगितलंस की नाव दिलंय. आणि वर हसत म्हणालीस, जागा एकच रिकामी आहे बाबा, सात नंबर, तुमचंच विमान! तुला वाटलं मला आनंद होईल. तेव्हापासून माझं काय झालंय ते आईला विचार. नागावच्या किनाऱ्यावर बोटीमागे छत्री बांधून लोकांना वर नेतात, ते मला बघवत नाही, मी बाजाराला मागच्या रस्त्यानं जातो. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर गेलं की हातातलं खाली ठेवतो. तीन कप फुटल्यावर ही सवय लावून घेतली. स्क्रीनवर तुझं नाव दिसलं की जीव भांड्यात पडतो, कारण वाईट बातमी तुझ्या फोनवरून येणार नाही. अनोळखी नंबर दिसला की मी फोन पालथा घालतो आणि वाजून संपेपर्यंत त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो.

गेल्या महिन्याच्या वीस तारखेला दुपारी असाच अनोळखी नंबर आला. मी वाडीत पंपाचा वॉशर बदलत होतो. फोन तीनदा वाजला. तिसऱ्यांदा घेतला. ओंकार सर होते. आता ग्रुप कॅप्टन, टीमचे प्रमुख. म्हणाले, "दादा, ओळखलंत का? तुमची पोरगी एक नंबर आहे. तीन आठवडे सोबत उडवून बघितली. हात इतका शांत आहे की मला सुजितची आठवण होते." पुढे म्हणाले, "निवड झाल्यासारखीच आहे. तुम्ही आमच्या घरचे म्हणून विचारतो, घरून काही हरकत नाही ना?" त्यांना वाटलं आपण आनंदाची बातमी देतोय. माझ्या कानात फक्त सुजित एवढंच राहिलं. हरकत आहे असं सरळ म्हणता आलं असतं. पण मग तू माझ्याशी भांडली असतीस आणि जिंकली असतीस. म्हणून मी म्हणालो, सर, एक गोष्ट आम्ही लपवली होती. लहानपणी तिला दोनदा फिट आली होती. भरतीच्या फॉर्मवर लिहिलं नाही.

वाच परत. तूच वाच, मला पुन्हा लिहायला लावू नकोस. तुझ्या तपासण्या माझ्यामुळे चालू आहेत.

ओंकार सर म्हणाले, "दादा, हे मी ऐकलंच नाही असं आता मला करता येणार नाही." मला वाटलं होतं तुला फक्त टीममध्ये घेणार नाहीत. तुझं सगळंच उडणं थांबेल, हे इतकी वर्षं हवाई दलात काढून मला कळायला हवं होतं. कदाचित कळत होतं. भीती वाटत होती आणि भीतीनं दोन मिनिटांत जे सुचवलं ते मी बोललो. त्या दिवशी संध्याकाळी मला भूक लागली, हेही सांगतो. सप्टेंबरपासून पहिल्यांदा पोटभर जेवलो. तुला कायमचं जमिनीवर ठेवलं म्हणून तुझा बाप पोटभर जेवला.

रविवारचा तुझा फोन झाला आणि आईनं विचारलं, तुम्ही असे पांढरे का पडलात. मी सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मी वाढवलीय तिला. साधी भोवळ कधी आली न्हाय पोरीला. ती पडेल म्हणून घाबरलात आणि तुम्हीच तिला पाडलीत." विळी तशीच ठेवून मागच्या दारी गेली. तेव्हापासून ताट वाढते, पण समोर बसत नाही. सोमवारी सकाळी मी ओंकार सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. सुजित सरांचं त्या सकाळचं वाक्यसुद्धा. ते वाक्य एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. ओंकार सर रागावले नाहीत, त्यापेक्षा वाईट म्हणजे त्यांचा आवाज अगदी मऊ झाला. म्हणाले, तिच्या तपासण्या स्वच्छ आल्यात, डॉक्टरांना काहीही सापडलेलं नाही. कागदावर अडथळा आहे तो फक्त तुमच्या बोलण्याचा. शपथेवर लिहून द्या की ते खोटं होतं. आणि तिला तुम्ही सांगायचं, मी सांगणार नाही.

म्हणून हे पत्र. काल अलिबागला जाऊन वकिलासमोर प्रतिज्ञापत्र केलं. वकिलानं दोनदा विचारलं, काका, तुम्ही खोटं बोललात असंच लिहायचं ना? मी म्हणालो, तसंच लिहा. ते टेबलावर पाकिटात आहे. उद्या सकाळी मी स्वतः पोस्टात जाऊन दोन्ही पाकिटं टाकणार आहे, एक ओंकार सरांना, एक तुला. ते पाकीट पोचलं की तुला सात नंबरमध्ये बसण्यापासून अडवणारं काही उरणार नाही, आणि तुला तिथे बसवणारा शेवटचा हात माझाच असेल. मला अजूनही भीती वाटते, मृणाल. लिहून ती कमी झाली नाही. तू माफ कर असं मागत नाही. फोन केला नाहीस तरी समजेन. फक्त एक मागतो. कधी सकाळी मन लागलं नाही तर हात वर कर, आणि खाली पट्टे बांधणारा कोणी हसून काही बोलला तर त्याचं ऐकू नकोस. परवानगी म्हणून हे लिहीत नाही. ती माझ्याकडे कधी नव्हतीच. तू जा.

जमिनीवरून तुझ्याकडेच कान लावून बसलेला, तुझाच
बाबा